यादीतलं पहिलं नाव

अकरा वाजता हजेरी होती आणि दहा वाजून गेले तरी सात नंबरची सही झाली नव्हती.

चोवीस खोल्यांपैकी सतरा सह्या झाल्या होत्या. ठराव पास व्हायला अठरा लागत होत्या. आठ नंबरचे नारायणराव आणि त्यांच्या बाजूची पाच घरं जीव गेला तरी सही करणार नाहीत, हे मेहनत वसाहतीतल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. म्हणजे राहता राहिले बादशाहभाई. वसाहतीचे चेअरमन, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गवंडी, आणि सात नंबरचे भाडेकरू. ठरावाचा कागद त्यांच्या मांडीवर होता, पेन बोटांत होतं, आणि नजर समोरच्या भिंतीवर. ती भिंत त्यांनीच बांधलेली.

"अब्बा," मुजम्मिल म्हणाला, "तुमी पेन घेऊन बसलाय का पेन तुमाला घेऊन बसलंय?"

बादशाहभाई हसले नाहीत. एरवी हसले असते.

ठरावात दोनच गोष्टी होत्या. जो ज्या खोलीत राहतो त्याच्या नावावर ती खोली करायची. आणि वाट बघणाऱ्यांची यादी बंद करायची, कारण खोल्याच नावावर झाल्या तर यादी कशाला ठेवायची? वरच्या कचेरीतून परवानगी येऊन पडली होती. आता फक्त भाडेकरूंनी ठरवायचं होतं.

"मागल्या पावसाळ्यात आमी हितं पातेली मांडून झोपलो," मुजम्मिल म्हणाला. "पत्रा बदलायचा तर मीटिंग. मीटिंगला माणसं जमत न्हाईत. खिळा ठोकायचा तर अर्ज. अब्बा, तुमी तुमच्या हातानं बांधलेल्या भिंतीत तुमाला खिळा ठोकता येत न्हाय! दुकान वाढवायला बँकेत गेलो, तर साहेब म्हणतो, घर कुणाच्या नावावर? म्हटलं, संस्थेच्या. म्हणतो, मग संस्थेला पाठवून द्या लोनला."

बारामतीत मुजम्मिलचं मोटारी रिवाइंड करायचं दुकान होतं. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. माणूस वाईट नव्हता. सातव्या वर्षापासून तो याच दोन दारांच्या मधे वाढला, लग्न झालं, पोरं झाली, आणि अजून कुणी पत्ता विचारला की 'भाड्याची खोली' म्हणावं लागत होतं.

"लोकांनी पस्तीस वर्षं भाडं भरलं," तो म्हणाला. "एक महिना चुकला न्हाय. त्यांनी भाडेकरू म्हणूनच मरायचं का?"

"तसं कोण म्हणतंय?" बादशाहभाई म्हणाले. "पण सगळ्या नावावर झाल्या की नवीन माणसानं कुठं जायचं?"

"नवीन माणसाचं सरकार बघंल."

"सरकार बघत असतं तर मी आन् नाऱ्यानं विटा कशाला वाहिल्या असत्या?"

"मी ऐकतोय बरं का!" पलीकडून आवाज आला. सात आणि आठच्या मधली भिंत चार इंची होती. त्या भिंतीतून पस्तीस वर्षं दोन्ही घरांची भांडणं आणि फोडण्या इकडून तिकडे जात आल्या होत्या. पाठोपाठ नारायणराव बगलेत जाडजूड रजिस्टर मारून दारात उभे. नारायणराव वसाहतीचे सेक्रेटरी. दोघांनी मिळून एका ट्रस्टची पडीक जागा मागून आणली होती आणि चोवीस बिऱ्हाडांच्या घामातून वसाहत उभी केली होती. नियमही दोघांचाच. राहा हवं तितकं, भाडं परवडेल एवढंच. पण स्वतःचं घर झालं की खोलीला चुना मारायचा, पाण्याचा माठ भरून ठेवायचा, माठाच्या गळ्यात किल्ली बांधायची आणि निघायचं. ती किल्ली यादीतल्या पहिल्या नावाला.

"माझ्या मेव्हण्याची कॉलनी अशीच होती," नारायणराव खाटेवर टेकत म्हणाले. "नावावर झाल्या आन् सात वर्षांत निम्मी माणसं विकून गेली. ज्यांनी घेतल्या त्यांनी काय केलं? परत भाड्यानंच दिल्या. तिप्पट भाड्यानं! मालक बदलला, बाकी गळका पत्रा तोच."

"नारायणकाका, ज्याचं त्यानं बघावं की."

"ज्याचं त्यानं! एकोणीस नंबरच्या सोपाननं तर इसारसुद्धा घेतलाय. ठराव व्हायच्या आधीच. पोराकडं चाललाय पुण्याला."

मुजम्मिलनं खाली बघितलं. आतल्या खोलीत बादशाहभाईंची बायको फरजाना पोहे भिजवत होती, तिचा हात चाळणीतच थांबला.

एकोणीस नंबर. हे दोन शब्द या घरात सहा वर्षं कुणी उच्चारत नव्हतं.

*

सहा वर्षांपूर्वी बादशाहभाईंची पोरगी मेहजबीन नरसिंहपूरहून परत आली होती, कडेवर तीन वर्षांची मुबशिरा घेऊन. नवरा अपघातात गेला. सासरचं बांगड्यांचं दुकान होतं, देवाला येणाऱ्या बायकांवर चांगलं चालायचं, पण दिरानं चाळीस दिवस होताच सांगितलं की आता तुमचं तुम्ही बघा. ती माहेरी आली. सात नंबरच्या दोन खोल्यांत तेव्हा सात माणसं होती, ही दोघं धरून नऊ. चार महिने निघाले. शेवटी शेवटी भावजय तव्यावर भाकरी टाकायची ती आपटूनच.

पण पोरीनं त्याआधीच, नवरा जिवंत असताना, यादीत नाव घातलं होतं आणि ते सरकत सरकत पहिलं झालं होतं. एकोणीस नंबरची किल्ली माठाला बांधून आलेली. फरजानानं तर मनातल्या मनात मांडणी कुठं आणि चूल कुठं हेही ठरवलं होतं.

हजेरी म्हणजे दर फेब्रुवारीतला पहिला रविवार. यादीतल्या माणसांनी पाण्याच्या टाकीपाशी यायचं, चेअरमननं नाव पुकारलं की "हाय" म्हणायचं. दोन वर्षं उत्तर आलं नाही की नाव कापलं. लोक नाव घालतात आणि विसरून जातात, म्हणून ही पद्धत. त्या दिवशी बादशाहभाईंनी रजिस्टर उघडलं, घसा साफ केला, आणि दुसरं नाव पुकारलं. सोपानचं. किल्लीही त्यालाच दिली.

फरजाना तिथंच उभी होती. तिला आधी वाटलं, चष्मा विसरला असेल माणूस. चष्मा तर नाकावर होता.

नंतर ती नवऱ्याशी तीन महिने बोलली नाही. जेवण वाढायची, बोलायची नाही. तेव्हा त्यांनी सांगितलं की सकाळी चहाच्या टपरीवर लोक म्हणत होते, बघा आता, चेअरमनची पोरगी आयती घुसतीय. त्यांना वाटलं, ही एक किल्ली जाऊ द्यावी. चार-सहा महिन्यांत दुसरी येईल, ती देऊ, मग कुणाचं तोंड उघडणार नाही. पण त्याच वर्षी कुणकुण लागली की खोल्या नावावर होणार. मग स्वतःचं घर झालेल्यांनीही किल्ली सोडली नाही. सहा वर्षांत एक माठ भरला गेला नाही.

फरजानानं हात पुसले आणि ती बाहेर आली.

"सही करू नका," ती म्हणाली.

"अम्मी!" मुजम्मिल उडालाच. "काल रात्री तर तू म्हणालीस, होऊन जाऊ दे एकदाचं!"

"म्हणाले व्हते. आता न्हाय म्हणते. माझ्या पोरीचा नंबर पहिला हाय. एवढी वर्षं पहिला हाय. त्या सोपाननं तिची खोली बाजारात विकायची आन् तिचं नावच पुसायचं? व्हय रे मुज्जू, तुझी बहीण न्हाय ती?"

"आन् मी तुझा कोण हाय?" मुजम्मिल म्हणाला. आवाज चढला होता, पण शेवटी फाटला. "सांग ना. मी कोण हाय?"

नारायणराव उठून दारात जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या घरातलं एवढं जवळून बघू नये असं त्यांना वाटलं असावं. पण गेले नाहीत.

तेवढ्यात तेच म्हणाले, "आली बघा पोरगी. इंदापूरची गाडी आली वाटतं."

*

मेहजबीन इंदापूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. दीडशे पोरींच्या भाकरी. वसतिगृहाच्या मागं एक पत्र्याची खोली मिळाली होती, नोकरी आहे तोवर. मुबशिरा आता नऊ वर्षांची, आल्या आल्या आजीला जाऊन चिकटली. मेहजबीननं सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ओळखलं. खाटेवरचा कागद बघितला. काही न बोलता ती आत गेली, पोह्यांची फोडणी स्वतःच टाकली, आणि बाहेर येऊन बापाला म्हणाली, "अब्बा, जरा ओट्यावर चला. हितं लई गरम होतंय."

फेब्रुवारी होता. गरम काही होत नव्हतं.

ओट्यावर दोघं शेजारी बसले. समोर टाकीपाशी माणसं जमायला लागली होती. कळसची स्वरूपा आली होती, कडेवर तान्हं आणि हाताला एक पोरगं धरून. मेहजबीननं तिला हात केला. स्वरूपाही वसतिगृहातच भांडी घासायला होती, राहायची मात्र कुणाच्या तरी गोठ्याशेजारच्या शेडमधे. तिचं नाव यादीत आता दुसरं होतं. वडगाव निंबाळकरचा लखन आला होता, दुधाची गाडी चालवणारा. अकरा नावं होती. ही माणसं वर्षातून एक दिवस कामाला खाडा करून यायची, एक शब्द बोलायला.

"त्या दिवशी," बादशाहभाई म्हणाले आणि थांबले. सहा वर्षं ते या दोन शब्दांच्या पुढं गेले नव्हते.

"त्या दिवशी माझं तोंड उघडलं व्हतं, अब्बा," मेहजबीन म्हणाली. "हाय म्हणायला. तुमी सोपानकाकांचं नाव घेतलं आन् मी तोंड मिटलं. एवढंच."

"लोक बोलले असते."

"बोलले असते. चार दिवस. मग दुसरं काय तरी बोलले असते."

बादशाहभाईंनी मान हलवली. त्या दिवसानंतर त्यांनी यादी कधी वाचली नव्हती. दरवर्षी घसा बसल्याचं सांगून रजिस्टर नारायणरावांकडे द्यायचे. मेहजबीन दरवर्षी यायची आणि नारायणरावांच्या आवाजाला "हाय" म्हणून पुढच्या गाडीनं परत जायची.

"तुला राग न्हाय?"

"हाय की! लई हाय. राग न्हाय असं कुणी सांगितलं तुमाला?" ती हसली, पण डोळे भरले होते. "मुबशिरा तापानं फणफणली तवा, त्या पत्र्याखाली, पहिल्या उन्हाळ्यात, मी तुमाला लई बोलले मनात. एकोणीस नंबरला झाड हाय दारात, सावली असते. तेच आठवायचं."

बादशाहभाईंनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग तो हातातच धरून बसले.

"मी सही न्हाय करत," ते म्हणाले. "यादी राहू दे. आता जी किल्ली येईल ती तुझी. कुणी काय बी म्हणू दे."

मेहजबीननं टाकीकडे बघितलं. तिला ही खोली हवी होती. त्या वर्षी हवी होती, त्याच्या पुढच्या वर्षीही. आता मुबशिराची शाळा इंदापुरात होती, मैत्रिणी होत्या, नोकरी तिथली. बारामतीला येऊन ती करणार काय होती? पण हे बापाला सांगायचं म्हणजे, तुम्ही आता देताय ते मला आता नकोय, असं सांगायचं. त्यापेक्षा राग सांगणं सोपं होतं.

"तवा पाहिजे व्हती, अब्बा," ती शेवटी म्हणाली. "आता पोरीला उपटून आणायची हिंमत न्हाय माझ्यात."

"मग दरवर्षी का येतीस?"

"तुमी माझं नाव घ्याल म्हणून."

टाकीजवळचं कुणीतरी ओरडलं, "आबा, अकरा वाजले!"

"आन् आणखी एक ऐका," मेहजबीन उठत म्हणाली. "मागल्या खेपेला तुमी नियम धरला, मी गेले. आता नियम धरला तर भाई जाईल. तो बोलणार न्हाय, पण मनातनं जाईल. किती लेकरं घालवणार हाय तुमी त्या नियमापायी? माझ्यासाठी म्हणून अडून बसू नका. अडायचं असलं तर तिच्यासाठी अडा." तिनं स्वरूपाकडे बोट केलं. "ते तुमचं तुमी ठरवा."

*

टाकीपाशी टेबल मांडलं होतं. मुजम्मिल एका बाजूला उभा होता, खिशात हात घालून. बहीण त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली तसा तो थोडा सरकला, तिला सावली मिळावी म्हणून. सहा वर्षांपूर्वी ती निघाली तेव्हा त्यानं स्टँडपर्यंत तिची बॅग नेली होती. वाटेत एकदाही 'राहा' म्हणाला नव्हता. बॅग मात्र जड होती म्हणून तिला उचलू दिली नव्हती. हे त्याला आत्ता आठवायचं कारण नव्हतं, पण आठवलं.

"मेहजू," तो पुटपुटला, "तू ठरावाला न्हाय म्हण. मी सोडतो नाद. खरंच सोडतो."

"गप उभा राहा भाई," ती म्हणाली.

नारायणरावांनी सवयीनं रजिस्टर उघडलं. बादशाहभाईंनी हात पुढं केला.

"आज मी वाचतो."

"घसा?"

"बरा हाय."

नारायणरावांनी त्यांच्याकडे बघितलं आणि रजिस्टर दिलं. बादशाहभाईंनी चष्मा लावला. घसा साफ केला नाही.

"मेहजबीन बादशाह!"

आवाज एवढा मोठा निघाला की स्वरूपाचं तान्हं दचकून रडायला लागलं. माहेरचं नाव यादीत नव्हतंच, यादीत सासरचं होतं. पण कुणी हरकत घेतली नाही.

"हाय," मेहजबीन म्हणाली.

फरजाना दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. बादशाहभाईंनी त्या नावापुढं खूण केली आणि पुढं वाचत गेले. स्वरूपा, हाय. लखन, हाय. एकेक करत अकरा नावं, अकरा उत्तरं. एकही खाडा नाही. वसाहतीच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. लोकांच्या कानावर ठरावाचं अर्धंमुर्धं गेलं होतं आणि आपलं नाव कापलं जाऊ नये म्हणून सगळे झाडून आले होते.

मग बादशाहभाई खुर्चीवर बसले. ठरावाचा कागद समोर घेऊन मोठ्यानं वाचला. त्यांनी स्वरूपाकडे बघितलं. मग मुजम्मिलकडे बघितलं. मुजम्मिल जमिनीकडे बघत होता, बेचाळीस वर्षांचा माणूस, आणि त्याच्या चपलेचा अंगठा तुटून तारेनं बांधलेला होता, तांब्याच्या तारेनं.

त्यांनी सही केली.

टाळ्या वाजल्या, सतरा घरांच्या. सोपानच्या सगळ्यात जोरात. मुजम्मिलनं मात्र टाळी वाजवली नाही. तो तसाच उभा राहिला.

"बादशा," नारायणराव हळूच म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, रागाचा असता तर बरं झालं असतं. "अठरा सह्या झाल्या की खाली सेक्रेटरीची सही लागती. म्हंजी मला बी करायला लावलंस."

"व्हय."

"आपणच बांधलं रे हे."

"माहीत हाय नाऱ्या."

नारायणरावांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि आठ नंबरमधे जाऊन दार लावून घेतलं. चार इंची भिंतीपलीकडून मग दिवसभर काहीच ऐकू आलं नाही.

माणसं पांगली. लखन कुणाकडे न बघता दुधाच्या गाडीला किक मारून गेला. बादशाहभाई रजिस्टर मांडीवर घेऊन तिथंच बसून होते. मुजम्मिल समोर आला, वाकला आणि बापाच्या गुडघ्याला हात लावला. बादशाहभाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "पत्रा आधी बदल," ते म्हणाले. "पावसाच्या आधी."

मुजम्मिल गेल्यावर स्वरूपा पुढं आली. ती टाळ्या संपेपर्यंत बाजूला थांबली होती. ठराव वाचला तेव्हा पोर रडत होतं, तिला नीट ऐकू आलं नव्हतं.

"आबा," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी हजेरी कोणत्या तारखेला हाय? सुट्टी आधी सांगावी लागती मला."

बादशाहभाईंनी मेहजबीनकडे बघितलं. तिनं नजर वळवली नाही, पण मदतही केली नाही.

"बाई, आता हजेरी न्हाय," ते म्हणाले. "यादी बंद झाली. मीच केली."

स्वरूपाला आधी कळलं नाही. मग कळलं. ती रडली नाही, भांडली नाही. तान्ह्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

"मग आमी नाव कुठं लावायचं, आबा?"

बादशाहभाईंनी रजिस्टर उघडलं, मिटलं. अशा प्रश्नाला पस्तीस वर्षं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते त्यांच्या मांडीवर होतं.

मेहजबीननं स्वरूपाच्या मोठ्या पोराचा हात धरला, दुसऱ्या हातानं मुबशिराचा.

"चल गं," ती म्हणाली. "सव्वाबाराची गाडी हाय इंदापूरची. चुकली तर दोनपर्यंत न्हाय."